करणें आणि करविणें

साध्या क्रियापदाला प्रयोजक रूप दिलें कीं वाक्यांतील माणसांची संख्या वाढते. 'राम दार उघडतो' ह्या वाक्यांत राम आणि दार एवढींच दोन. 'राम दार उघडवितो' म्हटलें कीं मध्यें एक तिसरा येऊन उभा राहतो, आणि त्याचें नांव वाक्यांत नसलें तरी काम त्याच्याच हातून होत असतें. हा भेद आम्हीं शाळेंत पुष्कळ वर्षें शिकविला. तो गृहस्थाच्या पैशाशीं, वेळेशीं आणि क्वचित् जिवाशींही कसा निगडित असतो, हें दाखविणारें उदाहरण आज आम्ही मोटारीच्या पोटांतून काढीत आहों. चारी चाकांनीं चालणाऱ्या गाडीस एक जादा पेटी असते. तिचा गिअर पूर्वी दांड्यानें टाकीत. आतां पुष्कळ गाड्यांत तो विजेच्या कळीनें टाकण्यांत येतो. आणि कांहीं मालक ती विजेची योजना काढून पुन्हा दांडा बसवून घेतात. असें करावें कीं नाहीं, करावयाचें तर कोणत्या रीतीनें, आणि केल्यावर घरच्या मंडळींनीं काय ध्यानांत ठेवावें, एवढाच आजचा विषय आहे. काम कारखान्यांतलें असलें तरी निर्णय ओटीवर बसून घ्यावयाचा असतो. म्हणून तो ह्या सदरांत येण्यास हरकत नसावी.

प्रथम ही पेटी म्हणजे काय तें पाहूं. एंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांच्या पाठीशीं ती जोडलेली असते. आपले मिस्त्री तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिचीं कामें दोन. पहिलें, एरवीं केवळ मागच्या चाकांकडे जाणारी शक्ति गरज पडतांच पुढच्या चाकांकडेही पोंचविणें. आजच्या बहुतेक पेट्यांत हें काम एक रुंद सांखळी करिते. दुसरें, वेग कमी करून जोर वाढविणें. त्यासाठीं आंत बहुधा ग्रहचक्र असतें : मध्यें सूर्याप्रमाणें एक दंतचक्र, त्याच्या भोंवतीं फिरणारीं लहान चक्रें, आणि त्या सर्वांस वेढणारें दांत्यांचें स्थिर कडें. बोर्गवॉर्नर कंपनीची १३५४ ह्या क्रमांकाची पेटी फोर्डच्या रेंजर वगैरे गाड्यांत बसविलेली आढळते. तिच्यांत मंद गतीचें प्रमाण २.४८ आहे. म्हणजे एंजिनाच्या ज्या फेऱ्यांत गाडी ताशीं २० किलोमीटर चालली असती, त्याच फेऱ्यांत ती सुमारें ८ किलोमीटर चालते. आणि घर्षणांत जाईल तें वजा जातां चाकांवरील जोर त्याच प्रमाणांत वाढतो. चिखलाच्या चढावर हा जोर लागतो. उतारावर ब्रेक न तापवितां गाडी आवरून धरण्यासही हीच मंद गति कामास येते.

चालविणाऱ्यास एकंदरींत तीन स्थिति मिळतात : दोन चाकांची नेहमींची, चार चाकांची शीघ्र आणि चार चाकांची मंद. गाड्यांवर त्या अनुक्रमें टू-एच, फोर-एच आणि फोर-एल अशा लिहिलेल्या असतात. एक गोष्ट येथेंच सांगून ठेवितों. वळणावर पुढचीं व मागचीं चाकें सारखें अंतर कापीत नाहींत. ह्या जातीच्या पेटींत तो फरक सांभाळणारी योजना नसते. चार चाकांत दोन्ही आंस एकमेकांस ताठ जखडले जातात. माती, वाळू, चिखल ह्यांवर चाक थोडें घसरून फरक भागवून घेतें. कोरड्या डांबरी रस्त्यावर तें घसरूं शकत नाहीं. मग तो पीळ सांखळींत, सांध्यांत आणि दांत्यांत सांठत जातो. म्हणून चार चाकांचा उपयोग निसरड्या जमिनीपुरताच करावयाचा असतो.

आतां दांडा आणि कळ ह्यांची पूर्वपीठिका. १९४१ पासून लढाईसाठीं तयार झालेल्या विलिस जीपमध्यें ह्या पेटीचे दोन दांडे असत. एकानें पुढचा आंस जोडावयाचा वा सोडावयाचा. दुसऱ्यानें शीघ्र वा मंद गति निवडावयाची. तेथें मंद गतीचें प्रमाण १.९७ होतें. तीच जीप पुढें मुंबईस महिंद्र कंपनीनें जोडावयास घेतली, आणि दांड्यांची ती जोडी आपल्याकडील शेतकी खात्यापासून वनखात्यापर्यंत सर्वांच्या परिचयाची झाली. ह्या साध्या लोखंडी योजनेंत एक मार्मिक युक्ति होती. दोन दांड्यांच्या सळयांमध्यें पोलादाची एक लहानशी गोळी बसविलेली असे. तिच्यामुळें पुढचा आंस जोडल्याखेरीज मंद गति पडतच नसे. वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या आंसावर येऊं नये, हा हेतु. म्हणजे दांड्याच्या काळांतही थोडासा विवेक यंत्राच्या ठायीं ठेवलेलाच होता. तो विजेचा नसून पोलादाचा होता, इतकेंच.

गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत अमेरिकेंत कळ दाबून फोर-व्हील टाकण्याची सोय निघाली आणि हळूहळू ती सर्वत्र पसरली. पायापाशींचा दांडा गेला, जागा मोकळी झाली, जोर लावण्याचें कारण उरलें नाहीं. तथापि प्रवाह एकाच दिशेनें वाहिला असें नाहीं. सुझुकीच्या १९९८ सालच्या जिम्नी गाडीस आरंभीं दांडा होता. मध्यंतरीं तेथें कळा आल्या. आणि २०१८ सालीं निघालेल्या नव्या जिम्नींत कंपनीनें पुन्हा दांडा बसविला. २०२३ मध्यें आपल्याकडे विक्रीस आलेल्या जिम्नींतही तो आहे. कारखानदार स्वतः जेथें मागें वळून पाहतात, तेथें एखाद्या मालकास तसें वाटलें तर त्यास केवळ हट्टी म्हणतां येणार नाहीं.

कळ दाबल्यावर काय घडतें, हें समजल्याशिवाय ह्या प्रश्नाचा निकाल लागत नाहीं. कळ स्वतः कांहींच हलवीत नाहीं. ती नियंत्रक नांवाच्या एका विजेच्या पेटिकेस केवळ इच्छा कळविते. नियंत्रक प्रथम चौकशी करितो : गाडीचा वेग किती आहे? मंद गति मागितली असेल तर गाडी जवळजवळ थांबली आहे काय? क्लच दाबलेला, अथवा गिअर न्यूट्रलमध्यें आहे काय? उत्तरें अनुकूल आलीं तरच तो पेटीच्या पाठीवरील लहान मोटरीस प्रवाह देतो. ती मोटर एक दंड फिरविते. दंडावरील नागमोडी कॅम आंतले दोन चिमटे सरकवितो. आणि चिमटे दांत्यांचीं कडीं सरकवून गिअर पाडतात. दांते समोरासमोर आले नसतील तर एक स्प्रिंग दाब धरून बसते आणि ते जुळतांच कडें आंत जातें. चालत्या गाडींत फोर-व्हील टाकतां यावें म्हणून पुष्कळ पेट्यांत एक चुंबकी क्लचही असतो. तो पुढची थांबलेली सांखळी अगोदर वेगास आणतो. सरतेशेवटीं मोटरींतील एका तबकडीवर घासणाऱ्या बारीक पट्ट्या दंड कोठवर फिरला ह्याची खबर नियंत्रकास देतात, आणि मग तो मोटर थांबवून समोरचा दिवा लावतो.

म्हणजे येथें तीन चाकर आहेत : विचारणारा, हलविणारा आणि खबर आणणारा. दांडा धरणारा गृहस्थ हीं तिन्ही कामें स्वतः करितो. कळ दाबणारा तीं करवितो. तिघांपैकीं एकानें जरी काम सोडलें तरी उरलेले दोघे निरुपयोगी होतात. लोक म्हणतात, 'पेटी बिघडली'. पण दांते, सांखळी आणि चक्रें पुष्कळदां ठणठणीत असतात, बिघाड चाकरांत असतो.

कोंकणांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें एकत्र कुटुंब आहे. घर डांबरी रस्त्यापासून सुमारें दोन किलोमीटर आंत, जांभ्याच्या चढावर. पावसाळ्यांत त्या वाटेनें चारी चाकांच्या गाडीशिवाय दुसरें वाहन वर येत नाहीं. घरांत ऐंशीच्या पुढच्या आजी आहेत. मूत्रपिंडाच्या विकारामुळें त्यांस रक्तशुद्धीसाठीं आठवड्यांतून दोन दिवस तालुक्याच्या गांवीं न्यावें लागतें. गाडी चौदा वर्षांची. आषाढांतील एका सकाळीं कळ दाबली, दिवा नुसता लुकलुकत राहिला आणि पेटी हलली नाहीं. त्या दिवशीं आजींस खुर्चीवर बसवून चौघांनीं भर पावसांत डांबरी रस्त्यापर्यंत नेलें. धाकट्या बंधूंनीं त्याच रात्रीं जाहीर केलें कीं ही वीज काढून दांडा बसवावयाचा. वडील बंधूंचें म्हणणें, गाडीच विकावी. गणपतीस आम्ही तेथें गेलों होतों तेव्हां हा वाद अजून शमलेला नव्हता, आणि दोन्ही बाजूंनीं आम्हांस पंच नेमलें.

पंच म्हणून आमचें पहिलें सांगणें एवढेंच होतें कीं निवाड्याच्या अगोदर तपास व्हावा. आपल्या शास्त्रकारांचा सूचीकटाह न्याय प्रसिद्ध आहे. लोहाराकडे एकानें कढई मागितली आणि दुसऱ्यानें सुई. लोहार सुई आधीं करून देतो, कारण ती थोडक्यांत होते. बिघाड शोधतांनाही सुई आधीं, कढई मागाहून. प्रथम फ्यूज आणि रिले. नंतर गाडीच्या पोटाखालीं पेटीशीं जाणाऱ्या तारांचा जोड. हा चिखल, पाणी आणि खारी हवा ह्यांच्या माऱ्यांत असतो आणि त्याच्या पितळी टोंकांवर हिरवा कीट चढतो. नंतर जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, तार. नंतर समोरची कळ. नंतर मोटर सोडून तिला बाहेर बारा व्होल्टवर फिरवून पाहणें आणि तिच्यांतील खबर देणारी तबकडी पुसणें. नियंत्रकाचा क्रम ह्यानंतर, आणि पेटी उघडणें सर्वांत शेवटीं. येथें एक उपयुक्त गोष्ट कळते. मोटर काढल्यावर दंडाचें टोंक उघडें पडतें. तें पान्यानें जपून फिरवून गिअर पडतो कीं नाहीं तें पाहतां येतें. पडला, तर पेटी निर्दोष आहे आणि दोष बाहेर आहे. अडल्या प्रसंगीं रानांत अडकलेली गाडी ह्याच उपायानें बाहेर काढतां येते. मात्र गाडीखालीं जाण्यापूर्वीं हँडब्रेक ओढून चाकांस दोन्ही बाजूंनीं दगड लावलेच पाहिजेत.

त्या घरीं सुईनेंच काम भागलें. तारेचा जोड हिरवा पडला होता, तबकडीवर काळा थर होता. दोन्ही साफ होतांच फोर-व्हील पडूं लागलें. वडील बंधु प्रसन्न झाले. परंतु दिवाळीच्या सुमारास पुन्हा तोच प्रकार झाला, आणि ह्या वेळीं नियंत्रकच गेला असें ठरलें. नवा मिळेना, कारण गाडीची ती आवृत्ति बंद होऊन बरींच वर्षें झालीं होतीं. जुना मिळाला तो पंधरा दिवसांत गेला. आतां मात्र दांड्याचा पक्ष बळकट झाला. ज्या सुट्या भागावर घरच्या वृद्धेचें औषधपाणी अवलंबून आहे तो भाग बाजारांतून नाहींसा झाला असेल, तर त्यावर विसंबणें हें शहाणपण नव्हे. आमच्या मतें बदलाचें खरें कारण हेंच : बाकीची पेटी धडधाकट असतांना चाकर मिळेनासे होणें. केवळ हौसेसाठीं किंवा मित्राच्या गाडींत पाहिला म्हणून चालत्या योजनेवर हत्यार धरूं नये.

बदलाच्या वाटा चार आहेत. पहिली आणि सर्वांत निर्धोक म्हणजे त्याच जातीची, कारखान्यांतूनच दांड्यासाठीं घडविलेली अखंड पेटी आणून बसविणें. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पेट्याही आंतून भिन्न असतात, म्हणून विकत घेण्यापूर्वीं पुढील गोष्टी मोजून जुळवाव्या : गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दंडावरील दांत्यांची संख्या, बोल्टांच्या भोंकांची मांडणी, पेटीची लांबी, पुढच्या व मागच्या प्रॉपेलर शाफ्टचे सांधे, पुढचा शाफ्ट डावीकडून निघतो कीं उजवीकडून, मंद गतीचें प्रमाण, आणि वेगदर्शकाची खूण कोठून घेतली जाते ती जागा. लांबी बोटभर बदलली तरी शाफ्ट कापून पुन्हा तोलून घ्यावा लागतो. दुसरी वाट म्हणजे जुन्या पेटींतच दांड्याच्या पेटीचे चिमटे, कॅम आणि लागल्यास मागचें अर्धें कवच घालणें. हें घडीव हातांचें काम आहे आणि त्यासाठीं देणारी पेटी अगोदर हातीं असावी लागते.

तिसरी वाट स्वस्त म्हणून लोकांस मोहविते : मोटर काढावयाची आणि उघड्या दंडास बाहेरून दांडा किंवा केबल जोडावयाची. तींत एक व्यंग आहे. दांड्याच्या पेटींत प्रत्येक स्थितीसाठीं खांच असते आणि स्प्रिंगेनें दाबलेली गोळी त्या खांचेंत बसून दंड जागेवर धरून ठेविते. विजेच्या पेटींत हें धरून ठेवण्याचें काम मोटरीच्या दंतचक्रांवर सोंपविलेलें असूं शकतें. तशा पेटीची मोटर काढली कीं दंडास धरणारें कोणी उरत नाहीं, आणि खडबडीत वाटेवर गिअर आपोआप सुटतो. ह्या रीतीनें जाणाऱ्यानें बाहेरून तरी तशी खांच आणि गोळी करून घेतलीच पाहिजे. शिवाय जुनी विजेची पेटी ठेवून नियंत्रक काढला तर चुंबकी क्लचास प्रवाह मिळत नाहीं, आणि चालत्या गाडींत फोर-व्हील टाकण्याची सोय जाते. मग थांबूनच गिअर टाकावा. चौथी वाट मोटर ठेवून तिला साध्या दुहेरी कळीनें उलटसुलट प्रवाह देण्याची. येथें विचारणारा चाकर काढला आणि हलविणारा तसाच ठेविला, असा प्रकार होतो. माणसानें वेळेवर बोट उचललें नाहीं तर मोटर अडून जळते. अडचणींतील तात्पुरता उपाय म्हणून ती ठीक. कायमची व्यवस्था म्हणून आम्ही तिची शिफारस करीत नाहीं.

पेटी बसली म्हणजे काम झालें, असें समजणारे मिस्त्री थोडे नाहींत. कित्येक गाड्यांत पुढच्या चाकांचे हब किंवा पुढच्या आंसाचा सांधा हेही निराळ्या यंत्रानें, हवेच्या पोकळीनें अथवा दुसऱ्या मोटरीनें, जोडले जातात. आणि त्यांस हुकूम त्याच नियंत्रकाकडून मिळत असतो. तो काढल्यावर दांडा फोर-एचमध्यें पडेल, सांखळी फिरेल, पण पुढचीं चाकें ओढणार नाहींत. त्यांच्यासाठीं हातानें फिरविण्याचे हब अथवा स्वतंत्र कळ हवी. फोर-व्हीलचा दिवाही पुन्हा जोडून घ्यावा. कारण दांडा कोठें आहे हें रात्रीं सांगणारा तोच एक. चाकें न अडकूं देणाऱ्या ब्रेकांची, म्हणजे एबीएसची, व्यवस्था कांहीं गाड्यांत चार चाकांची खबर घेऊन वागते. ती खबर तुटली तर तिचा दिवा पेटतो. त्याकडे दुर्लक्ष करूं नये.

दांड्यासाठीं तळाच्या पत्र्यास भोंक पाडावें लागतें. त्यावर रबराची दुहेरी टोपी हवी. नाहींतर पहिल्याच ओढ्यांत पाणी आणि उन्हाळ्यांत एंजिनाची ऊब आंत येते. दांडा पेटीवरच बसविलेला असेल तर तो एंजिनाबरोबर डोलतो आणि गिअर सुटत नाहीं. तो गाडीच्या तळास बसवून मधें सळया जोडल्या असतील, तर एंजिनाच्या प्रत्येक हेलकाव्यास त्या ओढल्या जातात. अशा वेळीं एंजिनाखालचीं रबरें जुनीं असलीं कीं चढावर ऐन जोराच्या क्षणीं गिअर बाहेर येतो. दोष दांड्याचा दिसतो, असतो रबराचा.

त्या घरीं पहिल्या वाटेनें काम झालें. त्याच कारखानदाराच्या दुसऱ्या गाडींतील दांड्याची पेटी मापें घेऊन आणली, बसविली, आणि धाकटे बंधु ती चढावरून दोनदां वर-खालीं करून आले. सर्व मंडळी अंगणांत उभी होती. तेवढ्यांत थोरल्या सूनबाईंनीं विचारलें, "भावोजी, ह्या दांड्यावर चौथें अक्षर कसलें? पूर्वी तीनच होतीं." तें अक्षर एन. धाकट्यांनीं सांगितलें कीं तें न्यूट्रल, त्याचें आपल्याला काम नाहीं. सूनबाई तेवढ्यावर थांबल्या नाहींत. मुलांस शाळेंत पोंचविण्यासाठीं गाडी त्या रोज चालवीत, आणि चढावर ती गिअरमध्यें टाकून उभी करीत. त्यांचा पुढचा प्रश्न असा होता : "दांडा तेथें राहिला, तर गाडी कशाच्या आधारावर उभी राहील?"

हाच ह्या सगळ्या विषयांतील मर्माचा प्रश्न आहे. पुष्कळ विजेच्या योजनांत चालविणाऱ्यास तीनच स्थिति मिळतात. दांड्याच्या पेटींत बहुधा फोर-एच आणि फोर-एल ह्यांच्या मध्यें न्यूट्रलचें घर असतें. दांडा तेथें असला म्हणजे एंजिन व गिअरबॉक्स एकीकडे आणि चारी चाकें दुसरीकडे, त्यांचा संबंध संपला. अशा वेळीं गिअर कोणताही टाका, गाडी अडत नाहीं. स्वयंचलित गिअरच्या गाडींतील 'पार्क'सुद्धां तेथें निरुपयोगी ठरतें. चाकांवरील हँडब्रेक काय तो धरतो. आणि आपल्याकडे कित्येक घरीं हँडब्रेक ओढण्याची संवयच नसते, 'गिअरमध्यें आहे ना' एवढ्यावर भागविलें जातें.

आम्हीं सपाट अंगणांत प्रयोग करावयास सांगितलें. चाकांच्या पुढें-मागें हातभर अंतरावर दगड ठेविले. एंजिन बंद, पहिला गिअर टाकलेला, हँडब्रेक सोडलेला. सोळा वर्षांच्या मुलानें मागून रेटा दिला. गाडी हलली नाहीं. मग दांडा एनवर आणला. गिअर तसाच ठेविला. त्याच मुलानें दोन्ही हातांनीं जरा जोर करतांच ती मोठी गाडी दगडापर्यंत सरकत गेली. कोणी बोललें नाहीं. अंगणाच्या खालच्या अंगाला पायऱ्या आणि पायऱ्यांखालीं विहीर होती, आणि पांच वर्षांचा धाकटा नातू गाडींत बसून दांडे ओढण्याचा खेळ रोज खेळत असे.

विजेची योजना असती तर हा धोका मुळींच नसता, असेंही समजूं नये. अमेरिकेंत २०१३ सालीं जीप ग्रँड चेरोकी (२००५ ते २०१०) आणि कमांडर (२००६ ते २०१०) ह्या गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविण्यांत आल्या. जगांतील एकूण संख्या साडेचार लाखांहून अधिक होती. कारण हेंच कीं विजेच्या दोषानें पेटी आपोआप न्यूट्रलमध्यें जाण्याचा संभव होता. चाकर ठेविला म्हणजे धन्याची जबाबदारी संपते असें नाहीं, ती झांकली जाते. दांडा बसविल्यावर ती उघडी पडते, इतकाच फरक.

त्या घरानें मग स्वतःसाठीं नियम केले, आणि ते आम्हांस इतके पटले कीं येथें देतों. गाडी उभी करावयाची ती नेहमीं टू-एच अथवा फोर-एचमध्यें, गिअर टाकून, हँडब्रेक ओढून. चढावर चाकामागें दगडही. मंद गति टाकावयाची ती गाडी पूर्ण थांबवून, ब्रेकवर पाय ठेवून, क्लच दाबून. आणि दांडा एका ओढींत एनच्या पलीकडे न्यावयाचा, मध्यें सोडावयाचा नाहीं. दांडा अडला तर हिसका मारावयाचा नाहीं. तो पिळाचा अडसर असतो, गाडी थोडी मागें घेतली कीं सुटतो. डांबरी रस्ता लागतांच टू-एच. दांड्याखालीं लोखंडी खीळ घालून कुलूप लावावयाचें, म्हणजे मुलांच्या हातीं तो यावयाचा नाहीं. आणि जो कोणी, दीर असो, भावजय असो, नुकताच परवाना मिळालेला पुतण्या असो, ही गाडी चालविणार, त्यानें हे सर्व एकदां थोरल्या सूनबाईंसमोर करून दाखवावयाचें. परीक्षक म्हणून त्यांची निवड एकमतानें झाली.

दोन व्यावहारिक गोष्टी राहिल्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें आहे कीं नोंदणीपत्रांतील तपशील कारखानदारानें मुळांत दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल मालकानें करूं नये. आपला बदल त्यांत मोडतो कीं नाहीं हें मिस्त्रीच्या तोंडून ऐकून समाधान मानूं नये. परिवहन कार्यालयास आणि विमा कंपनीस अगोदर लेखी विचारावें आणि उत्तर गाडीच्या कागदांत ठेवावें. गाडी हमीच्या मुदतींत असेल तर दांड्याचा विचारही मनांत आणूं नये. दुरुस्ती कारखानदाराकडून करून घ्यावी. दुसरें असें कीं काढलेली मोटर, कळ आणि तारा फेंकून देऊं नयेत. तारांचीं टोंकें बांधून, नांवाच्या चिठ्ठ्या लावून तें गांठोडें माळ्यावर ठेवावें. पुढच्या मालकास किंवा पुढच्या पिढीस तेंच हवें होईल.

ज्या घरीं कळ नीट चालत आहे, त्या घरानें ह्या लेखावरून दांड्याच्या मागें लागूं नये. त्यांनीं महिन्यांतून एकदां गाडी मातीच्या मोकळ्या जागीं नेऊन फोर-एच आणि फोर-एल टाकून, दहा-वीस हात चालवून पुन्हा काढावें. वर्षभर न हललेली मोटर आणि दंड हे गंजून बसतात, आणि ते बसले आहेत हें नेमकें आषाढांतच कळतें. पावसाळ्यापूर्वीं तारांचा जोड उघडून पुसून घ्यावा, पेटींतील तेल ठरल्या वेळीं बदलावें. हें एवढें जें घर नेमानें करील त्यास दांड्याची गरज बहुधा पडणार नाहीं. आणि ज्यास हें एवढेंही होत नाहीं, त्याच्या हातीं दांडा न देणेंच बरें.